संशोधनाला पैसे दिले, पण बागेपर्यंत काय पोचलं?

कोकणात संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. मुंबईतल्या चाकरमान्यांनी गावासाठी काढलेले न्यास आहेत, कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचे निधी आहेत, एखाद्या घराण्याने आजोबांच्या नावाने ठेवलेली रक्कम आहे. विषयही ठरलेले असतात: हापूस, काजू, मासळी, खारजमीन, लेप्टो. तीन वर्षांनी गुळगुळीत कागदावरचा अहवाल येतो, विश्वस्तांच्या सभेत त्याची नोंद घेतली जाते आणि तो कपाटात जातो. बागायतदार आधी जे करत होता तेच पुढे करत राहतो.

यात संशोधकाचा दोष असतोच असं नाही. बहुतेक वेळा गाडं पैसे देण्याआधीच चुकलेलं असतं. या उत्तराची वाट कोण बघतंय आणि उत्तर मिळालं तर तो माणूस काय वेगळं करणार आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं.

गळती नेमकी कुठे होते याचा एक प्रसिद्ध हिशोब आहे. इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लाझिउ या दोन अभ्यासकांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये वैद्यकीय संशोधनाबद्दल तो मांडला. झालेल्या अभ्यासांपैकी सुमारे निम्मे कधी प्रसिद्धच होत नाहीत. प्रसिद्ध होतात त्यांतल्या निम्म्यांच्या आखणीत टाळता येण्यासारखे दोष असतात. उरलेल्यांतले निम्मे असे लिहिलेले असतात की वाचून कुणाला ते वापरता येत नाहीत. निम्म्याचं निम्मं आणि त्याचं पुन्हा निम्मं केलं की शंभरातले साडेबारा उरतात. म्हणून त्यांचा अंदाज असा, की ८५ टक्क्यांहून अधिक गुंतवणूक वाया जाते. मुळात प्रश्नच बिनकामाचा असेल तर ती गळती आणखी वेगळी. शेती किंवा मत्स्य संशोधनाला हा आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण गळतीच्या जागा त्याच आहेत. आणि त्यातली प्रत्येक जागा पैसे देणाऱ्याला अटी घालून बुजवता येते.

प्रश्न कुठून आला?

रायगडमधल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम या बाबतीत बघण्यासारखं आहे. लाल विंचू चावल्यावर माणसं हृदय आणि फुप्फुसांवरच्या परिणामाने दगावत. डॉ. बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरून पाहिलं. रक्तदाबावरचं हे औषध बाजारात आधीपासून होतं आणि स्वस्तही होतं. ऐंशीच्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये हे काम छापून आलं आणि विंचूदंशाच्या उपचारात प्राझोसिनने जागा पक्की केली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची पुढची चाचणी आली. नुसतं प्राझोसिन द्यावं की सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही द्यावं, असा तिचा प्रश्न होता. दोन्ही मिळालेल्या रुग्णांपैकी ९१.४ टक्के दहा तासांत लक्षणमुक्त झाले, तर फक्त प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होतं. या चाचणीत रुग्ण जेमतेम सत्तर होते.

रुग्ण सत्तरच असूनही या चाचणीचा उपयोग झाला, कारण विंचू चावलेला माणूस समोर असलेल्या डॉक्टरला जो निर्णय घ्यावा लागतो, तोच प्रश्न चाचणीने विचारला होता. उत्तर मिळाल्यावर नवं यंत्र नको होतं, नवा कायदा नको होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर दुसऱ्या दिवशी ते वापरू शकत होता.

आता आपल्याकडे येणारे प्रस्ताव बघा. 'हापूसमधील साक्याचा सखोल अभ्यास' असं शीर्षक असतं. साका म्हणजे काय हे कोकणात सांगायला नको. वरून फळ देखणं, कापल्यावर कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. कापेपर्यंत कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक कायमचं तुटतं. यावर कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. आंबा चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार झाल्यावर काढावा, काढलेली फळं उन्हात ठेवू नयेत, हे सगळ्यांना माहीत आहे. मग 'सखोल अभ्यासा'तून नवीन काय निघणार?

तोच प्रश्न असा विचारून बघा: माहीत असूनही बागायतदार चौदा आण्याला आंबा का काढत नाही? मार्चमधल्या पेटीचा भाव एप्रिलअखेर राहत नाही म्हणून? काढणारे गडी ठरल्या दिवशी मिळत नाहीत म्हणून? की तयार फळ ओळखण्यात चूक होते म्हणून? तिन्ही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचं उत्तर बाजारव्यवस्थेत आहे, दुसऱ्याचं मजुरीत, तिसऱ्याचं प्रशिक्षणात किंवा एखाद्या साध्या उपकरणात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला हे तशाच उपकरणाचं उदाहरण. फळ देठासकट आणि न आपटता खाली यावं, एवढंच त्याचं काम. बागेत त्याचा उपयोग दिसतो, म्हणून तो वापरला जातो.

प्रस्ताव मागवताना अर्जात एक रकाना सक्तीचा ठेवावा: 'या अभ्यासाचं उत्तर होकारार्थी आलं तर कोण, कोणत्या महिन्यात, काय वेगळं करेल? नकारार्थी आलं तर काय?' दोन्ही उत्तरं सारखीच असतील तर तो अभ्यास करायचं कारण नाही. 'शेतकऱ्यांना फायदा होईल' हे उत्तर बाद धरावं. आणि अर्ज तपासणाऱ्या समितीत दोन-तीन प्राध्यापकांबरोबर एक बागायतदार, एक कृषी सहाय्यक आणि एक संख्याशास्त्रज्ञ हवाच. संख्याशास्त्रज्ञाला सगळं संपल्यावर आकडेमोड करायला बोलावतात. त्याची खरी गरज आखणीच्या वेळी असते, कारण किती झाडं घ्यायची हे तेव्हाच ठरतं.

आणखी एक फुकटचं काम आधी करून घ्यावं. कृषी विद्यापीठांतले प्रबंध 'कृषिकोश' या संकेतस्थळावर आणि इतर विद्यापीठांतले 'शोधगंगा'वर मिळतात. अर्जदाराने विषयावरचे आधीचे प्रबंध वाचून दोन पानांचा आढावा जोडावा. कितीतरी अर्ज इथेच गळतात, आणि ते बरंच असतं.

मार्चचा धनादेश आणि नोव्हेंबरचा मोहोर

कोकणातल्या प्रकल्पांचा सगळ्यात जास्त पैसा वेळापत्रकात बुडतो. तरी यावर कुणी बोलत नाही.

सार्वजनिक न्यासाला आयकर सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी कामाला लावावी लागते. त्यामुळे मंजुऱ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धडाधड होतात. मार्चअखेर मंजूर झालेली रक्कम करार आणि खात्याची कागदपत्रं होऊन जूनपर्यंत संस्थेकडे पोचते. मग प्रकल्प सहाय्यकाची जाहिरात, मुलाखती, रुजू होणं यात सप्टेंबर उजाडतो. उपकरणांच्या खरेदीला निविदा लागते, ती डिसेंबरला हातात. तोवर थंडी पडून हापूसला मोहोर आलेला असतो, पालवीवरची पहिली फवारणी केव्हाच होऊन गेलेली असते. पहिला हंगाम हातचा गेला. कागदावर तीन वर्षांचा प्रकल्प, प्रत्यक्षात दोन हंगामांचा.

हापूससाठी दोन हंगाम म्हणजे फसवणूक, कारण हापूस एक वर्षाआड धरतो. समजा पहिली मोजणी कमी फळाच्या वर्षी केली आणि शेवटची भरघोस वर्षी. मधे झाडाला काहीही घातलं असतं, अगदी नुसतं पाणी शिंपडलं असतं, तरी उत्पन्न दुप्पट झाल्याचं दिसलं असतं. असे 'यशस्वी' प्रयोग पत्रकार परिषदेत छान दिसतात. उपाय सोपा आहे पण खर्चिक आहे. त्याच बागेतली, त्याच वयाची, उपाय न केलेली झाडं त्याच वर्षी मोजायची. कोणत्या झाडाला उपाय करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, मालकाच्या पसंतीने नाही, कारण मालक चांगली झाडं पुढे करतो. आणि निदान एक भराचं आणि एक कमी फळाचं वर्ष पदरात पडेल इतका काळ काम चालू ठेवायचं. अवकाळी पावसाने एखादं वर्ष हातचं जाणार हे धरून चार वर्षांची मंजुरी द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांच्या तीन प्रकल्पांपेक्षा चार वर्षांचे दोन बरे.

हंगाम उलटा मोजत यावं. आंब्यासाठी करार जानेवारीत, रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, माणसं जूनपर्यंत रुजू, पावसाळ्यात झाडांची निवड आणि खुणा. भातासाठी रोहिणी-मृगाच्या आत बियाणं आणि मजूर तयार हवेत, म्हणजे रक्कम फेब्रुवारीत. मासळीचं वेगळंच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जाळी बदलायची, तांडेलांशी, म्हणजे होडीच्या प्रमुखांशी बोलायचं, मोजमापाचं प्रशिक्षण द्यायचं ते याच दोन महिन्यांत. नारळी पौर्णिमा झाली की त्यांना तुमच्यासाठी वेळ नसतो.

कायद्यात याला जागा आहे. न्यासाला ठरावीक कामासाठी उत्पन्न पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतं, फक्त तसं वेळेत कळवावं लागतं. सनदी लेखापालाशी हे डिसेंबरातच बोलावं. सीएसआरमध्येही 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि पुढच्या तीन वर्षांत खर्चावी लागते. तरीही बऱ्याच कंपन्या एका वर्षाचेच प्रकल्प घेतात, कारण फाईल बंद करायला सोपं पडतं.

कल्टारचा धडा

उत्तर मिळालं, ते बागेपर्यंत पोचलं, तरी काम संपत नाही. त्याचं कोकणातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारं औषध, बोलीत कल्टार. दापोलीच्या विद्यापीठाने हापूस दरवर्षी धरावा म्हणून त्याची मात्रा बसवून दिली: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलीलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, मुळांजवळ. शिफारस तशी सुटसुटीत आहे. विस्तार पूर्व-पश्चिम मोजायचा, दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची. साडेसहा आणि साडेपाच मीटर भरला तर सरासरी सहा, म्हणजे १८ मिली.

गावोगाव काय होतं? टेप कुणी लावत नाही. विस्तार नजरेने ठरतो आणि मात्रा बाटलीच्या झाकणाने. शेजाऱ्याच्या झाडाला जास्त मोहोर दिसला की आपणही थोडं वाढवायचं. खंडाने बाग घेतलेला माणूस दोन-तीन वर्षांपुरतंच बघतो, त्याला झाडाच्या तब्येतीशी देणंघेणं नसतं. कल्टार घातलेल्या झाडाला खत वाढवून द्यावं लागतं, हे वाक्य मधेच कुठेतरी गळून पडतं. जादा मात्रा गेली की पालवी आखूड आणि गुच्छासारखी येते, झाड थकतं, आणि मग 'कल्टारने बागा मारल्या' अशी बोलवा होते. संशोधन बरोबर होतं. टेप, मोजपात्र आणि 'कधी घालू नये' हे सांगणारा माणूस यांवर कुणी पैसा खर्च केला नाही.

म्हणून अंदाजपत्रकात शेवटच्या टप्प्याची रक्कम आधीच वेगळी काढावी. समजा एकूण अनुदान २० लाखांचं आहे. त्यातले तीन लाख तरी अहवालानंतरच्या बारा महिन्यांसाठी राखून ठेवावेत आणि ते दुसऱ्या कशाला वळवता येणार नाहीत असं करारात लिहावं. त्या पैशातून काय करायचं? निदान पाच-सहा गावांत शेतकऱ्याच्याच बागेत प्रात्यक्षिकं. मराठीत दोन पानी पत्रक, त्यात मात्रा, वेळ, झाडामागचा खर्च, आणि कोणत्या झाडावर करू नये हे ठळक अक्षरात. मोजपात्रासारखी किरकोळ वस्तू. आणि कृषी सेवा केंद्रांच्या दुकानदारांची एक बैठक. औषध कोणतं आणि किती हे बागायतदार दुकानाच्या फळीवर हात ठेवून विचारतो, आणि दुकानदार जे सांगेल ते करतो. पत्रकं शेतकऱ्यांना वाटली आणि दुकानदाराला विसरलो, तर पत्रकं फुकट गेली असं समजावं.

अधिकृत वाटही माहीत हवी. महाराष्ट्रातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन आणि विकास समितीची बैठक दरवर्षी होते, सगळे तिला 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात. तिथे मान्य झालेला निष्कर्ष 'शिफारस' होतो. मग तो कृषी दैनंदिनीत छापला जातो, कृषी सहाय्यक तो अधिकाराने सांगू शकतो. तिथे न गेलेला निष्कर्ष कितीही चांगला असला तरी सरकारी यंत्रणेच्या दृष्टीने तो नाहीच. एखाद्या महाविद्यालयाला किंवा स्वयंसेवी संस्थेला पैसे देत असाल, तर सुरुवातीपासून विद्यापीठाच्या संशोधन केंद्राला सोबत घ्या. मागाहून नेलेली आकडेवारी 'आमच्या पद्धतीने घेतलेली नाही' म्हणून परत येते.

काही उत्तरं तर शासन निर्णयाशिवाय निरुपयोगी असतात. पापलेटचं बघा. मासा किती लांबीचा झाल्यावर पकडावा याच्या किमान मापांची शिफारस केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली होती. केरळने २०१५ मध्ये काही प्रजातींसाठी ती लागू केली. महाराष्ट्रात ५४ प्रजातींची मापं २०२३ मध्ये आली, त्यात पापलेटचं १३५ मिलीमीटर. अशा विषयात एकट्या मच्छीमाराने लहान मासा सोडून द्यावा ही अपेक्षा चुकीची आहे, कारण त्याने सोडलेला दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. इथे पैसा लागतो तो मत्स्यव्यवसाय खात्यासोबत सातत्याने बसणाऱ्या माणसाच्या पगारासाठी आणि बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या मोजणीसाठी. हे काम पाच-सात वर्षांचं आहे. एवढा दम नसेल तर हा विषय घेऊ नये, किंवा चार न्यासांनी मिळून घ्यावा.

करारात काय लिहून घ्यावं

अभ्यासाचा प्रश्न, मोजायच्या गोष्टी आणि विश्लेषणाची पद्धत काम सुरू होण्याआधी लिहून तारखेसह जाहीर करावी. नाहीतर दहा गोष्टी मोजायच्या आणि जी बरी दिसली ती निष्कर्ष म्हणून सांगायची, असं होतं. रुग्णांवरच्या चाचण्यांना भारतात १५ जून २००९ पासून सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पूर्वनोंदणी सक्तीचीच आहे. शेतीच्या प्रयोगांनाही न्यासाने आपल्या संकेतस्थळावर एक पान देऊन तेच करावं.

शेवटची मोजणी झाल्यापासून बारा महिन्यांत निकाल खुला व्हायला हवा, फरक पडला नाही असा निकाल असला तरी. 'या खताने काही झालं नाही' हे छापून आलं तर पुढचे दहाजण त्यावर पैसे घालवणार नाहीत. मोठी नियतकालिकं लेख खुला ठेवायला लाख-दोन लाख रुपये सहज मागतात. ते द्यायची गरज नाही, पूर्वप्रत (प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीचा लेख) खुल्या संग्रहात टाकली तरी चालतं. गेट्स फाउंडेशननेही २०२५ पासून असे शुल्क देणं बंद करून पूर्वप्रत सक्तीची केली आहे. आकडेवारीही खुली ठेवावी, शेतकऱ्यांची नावं आणि गट क्रमांक काढून.

निकाल दाबून ठेवायचा अधिकार देणगीदाराला नसेल, हे वाक्य हवंच. विशेषतः खाडीतल्या पाण्याचा किंवा मासळीचा अभ्यास त्याच काठावरच्या कारखान्याच्या पैशातून होत असेल तेव्हा. ते वाक्य नसेल तर निकाल खरा असला तरी भोई-कोळी समाज त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते योग्यच आहे.

हप्त्यांबद्दल आमची पसंती अशी: निम्मी रक्कम आरंभी, कारण हंगाम थांबत नाही. ३५ टक्के पहिल्या हंगामाची मूळ आकडेवारी बघून. अहवाल नव्हे, मूळ वह्या आणि फाईल. उरलेली १५ टक्के म्हणजे वर सांगितलेली शेवटच्या टप्प्याची राखीव रक्कम. संस्थेचा व्यवस्थापन खर्च अंदाजपत्रकात उघडपणे धरावा. तो नाकारला तर संस्था तोच खर्च प्रवासभत्त्यात लपवते आणि हिशोबाचा विचका होतो.

दोन वर्षांनी काय मोजायचं

मोठ्या कंपन्यांना एक कोटीच्या वरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन कायद्याने करावं लागतं. छोट्या न्यासाला तसं बंधन नाही, आणि जाडजूड मूल्यमापनावर लाखभर उधळायची गरजही नाही. प्रशिक्षणाला किती आले, पत्रकं किती वाटली, लेख किती छापले, हे मोजू नये. ते आकडे नेहमी छानच असतात.

प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी, ज्याचा प्रकल्पाशी संबंध नाही अशा माणसाला पाठवावं. प्रात्यक्षिक झालेल्या वाडीत नाही, पाच-दहा किलोमीटर पलीकडे. तिथल्या वीस-पंचवीस बागायतदारांना विचारायचं: गेल्या हंगामात तुम्ही काय घातलं, किती, कधी, ते कुणी सांगितलं? उत्तर तोंडी घेऊन थांबू नये, मोजपात्र किंवा टेप दाखवायला सांगावं. मग जवळच्या कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाईक म्हणून जाऊन सहा मीटरच्या झाडाला किती घालू असं विचारावं. दुकानदाराने विस्तार कसा मोजला हे उलट विचारलं, तर शिफारस पोचली. त्याने सरळ बाटली पुढे सरकवली, तर पुढच्या वर्षीचं अनुदान नव्या अभ्यासाला न देता त्या दुकानदारांच्या प्रशिक्षणाला द्यावं.